नामनिर्देशित, पण वारस नव्हे

विवाह हा मूलभूत अधिकार नाही; समलिंगी जोडप्यांना तो द्यावयाचा असेल तर संसदेने द्यावा, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी दिला. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या.

विवाहसंस्था राज्यसंस्थेहून जुनी आहे, ती समाजाने घडविली आहे, हा बहुमताच्या युक्तिवादाचा गाभा. वरवर पाहता तो सबळ वाटतो. परंतु ज्या १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा अर्थ लावावयाचा होता, त्याचा इतिहासच याच्या उलट आहे. भिन्नधर्मीय स्त्री-पुरुषांनी आपापला धर्म न सोडता नोंदणी अधिकाऱ्यासमोर केलेला विवाह कोणत्या रूढीला मान्य होता? मद्रास इलाख्यात पुरोहिताविना होणारे स्वाभिमान विवाह तेथील उच्च न्यायालयाने १९५३ मध्ये अवैध ठरविले. १९६७ मध्ये अण्णादुराई सरकारने हिंदू विवाह कायद्यात कलम ७-अ घालून ते वैध केले, आणि पूर्वी झालेल्या विवाहांनाही ते लागू केले. रूढीने नाकारलेले नाते कायदा घडवू शकतो. अर्थात ते काम विधिमंडळाने केले, न्यायालयाने नव्हे, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच आता प्रश्न शासनाला व संसदेला विचारावयास हवा.

शासनाने काय केले? ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थमंत्रालयाने खुलासा केला की, अशा जोडप्यांना संयुक्त बँकखाते उघडण्यास वा परस्परांचे नामनिर्देशन करण्यास आडकाठी नाही. (ती पूर्वी तरी कोणत्या कायद्याने होती?) शिधापत्रिकेसाठी दोघांना एकाच घरातील मानावे, असेही राज्यांना कळविण्यात आले. परंतु बँकेतील ठेवीचा नामनिर्देशित मनुष्य तिचा मालक होत नाही. रक्कम त्याच्या हाती पडते, हक्क वारसांचा राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केले आहे. आणि वारसांच्या यादीत जोडीदाराला स्थान नाही.

दोघांनी आपसांत करार करावा, मृत्युपत्र करावे, विवाहाचा हट्ट कशासाठी, असे विचारले जाते. विवाहसंस्थेच्या मुळाशी मालमत्ता आहे, असे म्हणणारे काही पुरोगामीही हाच प्रश्न विचारतात. करार फक्त करार करणाऱ्यांनाच बांधतो. विवाहाने मिळणारा दर्जा मालकाला, बँकेला, पेन्शन कचेरीला, सर्वांनाच बांधतो. धनिकाला वकील व मृत्युपत्र परवडते, त्याचे अडत नाही. श्रमिकाची मिळकत बहुधा त्याच्या नोकरीतच अडकलेली असते, आणि तिची वाट कायद्याने आधीच आखून ठेवलेली असते. कुटुंब असलेल्या कामगाराने ग्रॅच्युइटीसाठी कुटुंबाबाहेरील व्यक्तीचे नाव दिल्यास ते नामनिर्देशन निरर्थक ठरते. १९७२ च्या कायद्यातील ही तरतूद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तशीच उतरली आहे. कुटुंब म्हणजे पती वा पत्नी, मुले, अवलंबून असलेले आईवडील. गावी वृद्ध आई असलेला एखादा कामगार वीस वर्षे ज्याच्यासोबत एका खोलीत राहिला, ज्याच्या जोडीने भाडे भरले, आजारपणे काढली, त्याचे नाव तो त्या अर्जावर लिहू शकत नाही. लिहिलेच, तर ते तेथे नसल्यासारखेच आहे.