उतरलेला भाव म्हणजे स्वस्ताई नव्हे

दरवर्षी २ जानेवारीला मुरबाड तालुक्यातील सिद्धगड परिसरात हुतात्मा भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना अभिवादन केले जाते. १९४३ साली याच दिवशी पोलिसांच्या गोळीबारात त्यांना वीरमरण आले. भूमिगत लढ्याचे नेते म्हणून कोतवाल सर्वांना ठाऊक आहेत. शेतकरी सावकाराच्या पाशातून सुटावा म्हणून त्यांनी धान्यकोठ्या उभारल्या होत्या, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. आज या टापूत पैसा निराळ्या वाटेने येतो आणि तितक्याच निराळ्या वाटेने जाऊ शकतो. शेजारच्या शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, जमिनीचा मोबदला बँकेत जमा झाला. समभागखरेदी तर मोबाइलवर दोन मिनिटांचे काम झाले आहे. मोबदला एकदाच मिळतो. त्यामुळे इंटरनेट कंपन्यांचे उतरलेले समभाग स्वस्त समजून घ्यावेत काय, हा प्रश्न आता केवळ मुंबईच्या दलालांचा राहिलेला नाही.

शिखरापासून भाव किती उतरला, यावरून तो स्वस्त की महाग हे ठरत नाही. शिखरच अवाजवी असेल तर त्याचा निम्मा भावही अवाजवी असू शकतो. अमेरिकेच्या नॅसडॅक निर्देशांकाने मार्च २००० मध्ये ५,००० ची पातळी ओलांडली. वर्षअखेरीस तो २,४७० वर आला. आता अर्ध्या भावात मिळते आहे, असे मानून ज्यांनी तेव्हा पैसे गुंतवले, त्यांच्यादेखत ऑक्टोबर २००२ मध्ये निर्देशांक १,११४ वर गेला. उरलेल्या निम्म्याचेही निम्म्याहून अधिक गेले! जुने शिखर पुन्हा गाठायला २०१५ साल उजाडले.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२१ मध्ये पेटीएमचा समभाग २,१५० रुपयांना विकला गेला. पहिल्याच दिवशी तो सुमारे २७ टक्क्यांनी कोसळला. त्या संध्याकाळी तो ‘स्वस्त’ दिसत होता. मे २०२४ मध्ये त्याची किंमत ३२५ रुपयांच्याही खाली होती. २०२५ मध्ये तो पुन्हा हजारापलीकडे गेला खरा, परंतु मूळ खरेदीदाराला त्याचा काय उपयोग?

याउलट झोमॅटोचे उदाहरण हिरिरीने दिले जाते, आणि ते खोटे नाही. ७६ रुपयांना विकलेला हा समभाग जुलै २०२२ मध्ये चाळिशीत आला. मूळ गुंतवणूकदारांवरील विक्रीबंदीची वर्षाची मुदत तेव्हा संपली होती आणि त्यांच्या विक्रीने बाजार दबला. पुढे एप्रिल-जून २०२३ या तिमाहीत कंपनीने प्रथमच नफा दाखवला, अवघा २ कोटींचा; आणि २०२४ अखेर भाव तीनशेच्या घरात पोहोचला. म्हणजे घसरणीत घेणारे शहाणे ठरले. पण ते भाव उतरला म्हणून नव्हे, तर धंदा तोट्यातून बाहेर आला म्हणून. शिवाय तिथेही २०२५ मध्ये भाव वार्षिक नफ्याच्या शेकडो पट होता. एवढी पट पुढच्या कित्येक वर्षांची वाढ आधीच गृहीत धरते. त्या वाढीत थोडी जरी खोट आली, तरी भावाला खाली यायला पुष्कळ जागा उरते.

तेव्हा, सरसकट उत्तर हवेच असेल तर ते ‘अजून उतरू शकतात’ असेच द्यावे लागेल. अपवाद शोधायचे असतील तर कंपनीचे तिमाही निकाल शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचायला मिळतात. ज्या मोबाइलवर खरेदीचे बटण आहे, त्याच मोबाइलवर.