पायाच्या करंगळीभोवतीची खाच

पायाच्या करंगळीची आठवण माणसास ठेच लागल्यावाचून सहसा होत नाही. परंतु या एवढ्याशा बोटाला जडणारा एक विलक्षण विकार आहे. तो वेळीच ओळखला नाही, तर बोट कायमचे गमवावे लागते. वैद्यकशास्त्रात त्यास ‘आइन्हुम’ म्हणतात.

१८६० साली रॉबर्ट क्लार्क या डॉक्टरांनी आफ्रिकेच्या गोल्ड कोस्टवरील, म्हणजे आजच्या घानामधील, लोकांत आढळणाऱ्या या विकाराचा उल्लेख केला. पुढे १८६७ साली ब्राझील देशातील बाहिया येथे डॉ. जुझे फ्रान्सिस्कु दा सिल्वा लिमा यांनी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे पाय तपासून त्याचे सविस्तर वर्णन केले. ‘आइन्हुम’ हे नाव त्या लोकांच्याच बोलीतले असून, करवतीने कापणे असा त्याचा अर्थ सांगतात. आफ्रिकी वंशाच्या लोकांत हा विकार अधिक दिसतो; आपल्या देशात तो विरळा असला तरी अगदीच अज्ञात नाही.

याचा आरंभ मोठा फसवा असतो. करंगळीच्या मुळाशी, आतल्या व तळव्याकडील बाजूस, एक बारीकशी खाच पडते. भेग समजून कोणी तिला तेल चोळतो, कोणी मलम लावतो. खाच मात्र हळूहळू बोटाभोवती फिरत जाते आणि दोरा आवळावा तशी आत रुतते. पुढचे बोट सुजून गोल होते. काहींना वेदना होतात, काहींना फारशा होत नाहीत. आतील हाड झिजत जाते, आणि काही वर्षांनी बोट आपोआप गळून पडते. पुष्कळदा दोन्ही पायांना हा विकार होतो. त्याचे नेमके कारण अद्याप उलगडलेले नाही. अनवाणी चालणे व आनुवंशिकता यांचा संबंध असावा, असा तर्क आहे.

खाच उथळ असतानाच शल्यविशारदाकडे गेल्यास आवळणारा पट्टा छेदून व कातडीची नागमोडी जोडणी करून बोट वाचविता येते. काही रोग्यांना खाचेत स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. हाड झिजून गेल्यावर मात्र बोट काढून टाकणे हाच उपाय उरतो.

अशीच खाच अन्य कारणांनीही पडू शकते. मधुमेह, तळव्यांची कातडी जाड करणारे काही आनुवंशिक रोग व कुष्ठरोग ही त्यांपैकी काही होत. येथेच घरच्या माणसांच्या विवेकाची कसोटी लागते. गळू लागलेले बोट दिसताच कुष्ठरोगाचा शिक्का मारून माणसास वेगळे बसविणारे लोक अजूनही आहेत. कुष्ठरोगात बहुधा कातडीवर बधिर चट्टे उठतात आणि मज्जातंतू जाड होतात. याचा निर्णय डॉक्टरांनी करावयाचा, शेजाऱ्यांनी नव्हे. आणि कुष्ठरोगच निघाला, तरी भिण्याचे कारण नाही. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कारिलेल्या बहुऔषधी उपचाराने तो बरा होतो, व सरकारी दवाखान्यांत ही औषधे विनामूल्य मिळतात. लपविण्यात मात्र खरी हानी आहे.

मातांसाठी एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे. बाळंतपणानंतर काही महिन्यांनी स्त्रियांचे केस गळू लागतात. असा एखादा केस, किंवा मोज्याचा सुटलेला धागा, तान्ह्या बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला जातो. ओला केस ताणतो, वाळला की आखडतो आणि कातडीत इतका रुततो की दिसतही नाही. आइन्हुमला वर्षे लागतात. येथे काही तासांतच बोट धोक्यात येते. म्हणून पोट भरलेले, अंग कोरडे, ताप नाही, तरीही बाळ रडायचे थांबत नसेल, तर मोजे काढून प्रत्येक बोट उजेडात पाहावे. हातांची बोटे व लघवीची जागाही पाहावी. बोट लाल वा निळसर सुजलेले दिसल्यास आणि केस सहज निघत नसल्यास रात्र असो वा दिवस, ताबडतोब इस्पितळ गाठावे.

रोज रात्री पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करताना क्षणभर निरखून पाहावे. घरातील वृद्धांना वाकता येत नाही. त्यांचे पाय मुला-सुनांनी पाहावेत. एवढ्या लहानशा सेवेने बोट वाचते, आणि कधी माणसाची अब्रूही.