परदेशीं पडलेल्या शिपायाचें स्मरण

लढाईंत पडलेल्या तरुणाचें स्मरण कसें करावें, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. कोणी त्याच्या पराक्रमाचे पोवाडे गाऊन मोकळे होतात. कोणी 'तो परक्या सरकारासाठीं लढला' एवढें म्हणून त्याला विसरतात. आमच्या मतें हे दोन्ही मार्ग अपुरे होत.

नाईक यशवंत घाडगे यांचें उदाहरण घ्या. हे पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड, जिल्ह्यांतील माणगांव तालुक्याचे. पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणींत ते इटलींत लढत होते. ता. १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत त्यांच्या तुकडीवर अगदीं जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज तुकडींतील सर्व जण ठार किंवा जखमी झाले. तेव्हां ते एकटेच धांवून गेले. हातबाँबनें त्यांनीं मशीनगन व ती चालविणारा या दोघांचा निकाल लाविला. एकास गोळी घातली. आणि काडतुसें भरण्यास अवसर नसल्यामुळें बंदूक नळीकडून धरून तिच्या तडाख्यांनीं उरलेल्या दोघांस मारिलें. इतक्यांत लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून, जिंकलेल्या त्याच जागीं त्यांनीं प्राण सोडिला. वय अवघें २२ वर्षांचें. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या विधवा पत्नीच्या हातीं आला. त्यांची कबर ठाऊक नाहीं. कॅसिनो येथील स्मारकावर चार हजारांहून अधिक नांवांत त्यांचें नांव कोरलेलें आहे.

त्या वेळीं आपला देश परतंत्र होता, हें खरें. पण युद्ध पुकारतांना या शेतकऱ्यांच्या मुलांस कोणीं विचारलें होतें? इटलींत भारतीय सैन्यांतील ५,७८२ जण पडले. त्यांच्या माता मात्र आपल्याच गांवांत रडल्या. राज्य कोणाचें होतें, यावरून त्या अश्रूंची किंमत ठरवूं नये.

उलटपक्षीं, केवळ जयघोषही पुरेसा नाहीं. ज्या चौघांशीं यशवंतराव झुंजले, तेही कोणाचे तरी पुत्र होते. हें ध्यानांत ठेवल्यानें त्यांच्या शौर्यास उणेपणा येत नाहीं. युद्धाची खरी किंमत मात्र कळते. इटलींतील मोंतोने गांवच्या लोकांनीं हें ओळखिलें. सन २०२३ मध्यें त्यांनीं यशवंतरावांच्या नांवें स्मारक उभारलें, तें तोफेचें नव्हे, तर छायायंत्राचें. आणि त्यावरील लॅटिन वचनाचा आशय असा कीं, आपण सारे एकाच सूर्याखालीं राहतों. शत्रूंवर प्रीति करण्यास सांगतांना प्रभु येशूनेंही सूर्याचाच दाखला दिला होता, याचें आम्हांस येथें स्मरण होतें.

विद्यार्थ्यांनो, आपल्याकडील कित्येक खेड्यांत १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाच्या शिळा भिंतींत बसविलेल्या आहेत. या गांवांतून इतके गेले, त्यांपैकीं इतके मेले, एवढेंच त्यांवर लिहिलेलें असतें, नांवें नसतात. सुटींत गांवीं जाल तेव्हां ती शिळा शोधा, स्वच्छ धुवा, आणि वडील माणसांस ती नांवें विचारून वहींत उतरून घ्या. पालकांनींही त्यांस साह्य करावें. जो केवळ आंकडा होऊन राहिला, त्यास त्याचें नांव परत देणें, हेंच आमच्या मतें खरें स्मरण होय.