काचपेटीचा ताळेबंद

दोन फुटी काचपेटी, सुमारे ६० लिटर पाणी आणि त्यात बोटभर लांबीचे १२ आफ्रिकन सिक्लिड! मागल्या वर्षी हौसेने केलेला हा व्यवहार. ‘दाटी असली की हे मासे भांडत नाहीत,’ असे दुकानदार म्हणाला होता. सहा महिन्यांत ४ उरले.

त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. मलावी सरोवरातले हे मासे हद्दीसाठी झगडतात. दाटीत मार एकावरच न पडता वाटला जातो. पण त्याने जमेची बाजू सांगितली, खर्चाची गाळली. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो आणि यांना लागणाऱ्या अल्कधर्मी पाण्यात तो अधिकच विषारी ठरतो. शिवाय बोटभर पिल्लू वाढून १०-१२ सेंटीमीटरचे होते.

मित्रहो, मासे आजच्या लांबीवर नव्हे, पुऱ्या वाढीच्या हिशेबाने घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. चार फुटी, २०० लिटरची पेटी नसेल तर या वाटेला जाऊच नये. असेल तर एका नरामागे तीन-चार माद्या, दगडांच्या कपारी, दमदार फिल्टर आणि दर आठवड्याला थोडे पाणी बदलणे, एवढे पाळावे.

कन्नडमध्ये म्हणतात, ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु’. आपण म्हणतो, अंथरूण पाहून पाय पसरावेत. दोन्ही भाषा येत असून मला ते कळायला ८ मासे मरावे लागले.