बटण दाबा, कीर्तन ऐका



कतारमधील लुसैल येथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्यातल्या एका कुटुंबाने आम्हांला प्रश्न विचारला आहे. घरातल्या आजी मूळच्या ठाण्याच्या. वय ऐंशीच्या पुढे, नजर अधू, बोटे थरथरतात. त्यांना कीर्तने, मलिद्याची गाणी आणि जुनी मराठी गाणी ऐकायची हौस. पण सगळी गाणी मुलाच्या मोबाईलमध्ये! मुलगा कामावर गेला की गाणीही त्याच्याबरोबर गेली. तेव्हा आजींना आपल्या हाताने लावता येईल असा, बटणांचा छोटा प्लेअर कोणता घ्यावा? अश्दोद, लोद, दिमोना, मुंबई, कुठल्याही घरी हा प्रश्न पडू शकतो, म्हणून उत्तर सर्वांसाठी देत आहोत.

लुसैल हे दोह्याच्या उत्तरेला वसवलेले नवे शहर. १८ डिसेंबर २०२२ रोजी फुटबॉलच्या विश्वचषकाचा अंतिम सामना तिथेच झाला, हे बालमित्रांना ठाऊक असेलच. उंच इमारती, ट्राम, सगळे कसे नवेकोरे. पण नवीन ते सर्वांना सोयीचे असतेच असे नाही. मोबाईलची काच बोट लागल्यावर विद्युतभारात होणारा बदल ओळखून चालते. म्हातारपणी बोटे कोरडी पडतात, त्यात दिवसभर एअरकंडिशनर. मग काच दाद देत नाही. हात थरथरला तर एकाऐवजी दोनदा दाबले जाते आणि भलतेच काही उघडते. बटण मात्र बोटाला लागते, दाबल्याचे कळते. डोळे मिटूनही ते सापडते.

पूर्वी ही अडचण नव्हती. १९७९ साली जपानच्या सोनी कंपनीने वॉकमन काढला, त्याला बटणेच होती. २००१ मध्ये आयपॉड आला. त्याचे उत्पादन २०२२ च्या मे महिन्यात बंद झाले. भारतात सारेगामा, म्हणजे आपली जुनी एच.एम.व्ही., हिने २०१७ मध्ये 'कारवां' नावाचा रेडिओसारखा डबा काढला. त्यात हिंदी गाणी आधीच भरलेली, गोल कळ फिरवून गायक निवडायचा. पुढे तो मराठीतही आला. वडीलधाऱ्यांना तो फार आवडला. तो खिशात मावत नाही, पण उशाशी ठेवायला उत्तम. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. आपली कीर्तने त्यात नाहीत. ती पेनड्राइव्हवर भरून मागच्या बाजूला लावावी लागतात.

खिशातला छोटा प्लेअर घ्यायचा असेल तर नावापेक्षा या गोष्टी बघा. चालू-बंद करण्याचे बटण बाकीच्यांपेक्षा मोठे व उठावदार हवे. नसल्यास त्यावर नेलपॉलिशचा जाड थेंब टाकून वाळू द्यावा, बोटाला खूण सापडते. आवाजाची बटणे वेगळी हवीत. बटणे कुलूपबंद करणारा खटका असावा, नाहीतर खिशात आपोआप दाबली जातात. मेमरी कार्डाची जागा हवी. बंद केल्यावर गाणे जिथे थांबले तिथूनच पुढे सुरू होते का, हे दुकानातच पाहा. तासाभराच्या कीर्तनाला हे फार महत्त्वाचे. आणि मराठी अक्षरे दिसतात का? पुष्कळ स्वस्त प्लेअरमध्ये मराठी नावाच्या जागी नुसते चौकोन उमटतात. तसे असेल तर फोल्डरांना १, २, ३ आकडे द्या आणि कोणत्या आकड्यात काय ते मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून आजींना द्या.

लुसैलकरांसाठी दोन शब्द. मुंबईहून प्लेअर आणणार असाल तर तो हातातल्या पिशवीत आणा. सुट्या बॅटऱ्या विमानात सामानाच्या बॅगेत चालत नाहीत. कतारमध्ये चौकोनी तीन पायांचा प्लग लागतो, तसा चार्जर घ्या. आणि उन्हाळ्यात प्लेअर गाडीत मुळीच ठेवू नका, उष्णतेने बॅटरी खराब होते.

आता खरी गोष्ट. आपल्या बेने इस्राएल मंडळींनी एकोणिसाव्या शतकात मराठी कीर्तनाची रीत उचलली आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने गायिली. कित्येक घरांत ती फक्त घरी भरलेल्या कॅसेटवर उरली आहेत. ती कुठल्याच दुकानात मिळायची नाहीत. कॅसेटची फीत दरवर्षी थोडी थोडी जीर्ण होते, आणि एकदा गेली की गेलीच. म्हणून प्लेअर विकत घेणे हे अर्धेच काम आहे, कॅसेट उतरवून घेणे हे दुसरे अर्धे. कॅसेट प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून वायर कॉम्प्युटरला जोडा आणि पूर्ण कॅसेट वाजू द्या. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटे लागतात, घाई चालत नाही. आधी कॅसेटच्या पाठीवरचे दोन चिमुकले तुकडे मोडा, म्हणजे चुकून वर दुसरे काही भरले जाणार नाही. साध्या एमपी३ मध्ये एका मिनिटाला साधारण एक एमबी जागा लागते. म्हणजे आठ जीबीच्या नखाएवढ्या कार्डावर अशा शंभराहून अधिक कॅसेट आरामात मावतात!

शुक्रवारी दिवे लावण्याआधी प्लेअर बंद करून खटका सरकवावा आणि खणात ठेवावा. शब्बाथ संपला की एलियाहू हनबीच्या गाण्यापासून सुरुवात करायला काय हरकत आहे?

बालमित्रांनो, तुमच्यासाठी एक काम. प्लेअरमध्ये गाणी तुम्ही भरा, पण प्रत्येक गाण्याआधी आजीला विचारा, "हे कोण गातंय? कुठे ऐकलंस?" आजी जे सांगेल ते मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि त्याच कार्डावर ठेवा. मग उद्या तुम्ही बटण दाबाल, तेव्हा गाण्याबरोबर आजीचा आवाजही ऐकू येईल.

पुढच्या अंकात भेटूच. शालोम.