डॉक्टरांनी न विचारलेला प्रश्न

सरकारी दवाखान्याच्या बाकावर बसलेला तो चाळिशीचा माणूस आपण सर्वांनी पाहिला आहे. पोटात आग, झोप नाही, हाताला कंप, कपाळावर पडल्याची जखम! डॉक्टर जखम बांधतात, पोटाच्या गोळ्या लिहून देतात आणि पुढच्या रोग्याला हाक मारतात. दोन महिन्यांनी तोच माणूस त्याच बाकावर येऊन बसतो. त्याच्या रोगाचे मूळ बाटलीत आहे हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक असते, घरच्या बाईला तर असतेच असते. केसपेपरावर मात्र त्याची नोंद नसते. कारण ‘तुम्ही दारू किती घेता?’ हा साधा प्रश्न त्याला कोणी विचारलेलाच नसतो.

दोष एकट्या डॉक्टरांचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. जे शिकविलेच नाही ते त्यांनी करावे कसे? एम.बी.बी.एस.च्या अंतिम परीक्षेत मनोविकारशास्त्राला स्वतंत्र प्रश्नपत्रिका नाही. वैद्यकशास्त्राच्या पोटात त्याचा निकाल लागतो. दारूने सुजलेले यकृत ओळखणे विद्यार्थी शिकतो. परंतु यकृत सुजण्याच्या दहा वर्षे आधी त्या माणसाशी काय बोलावे, हे तो कोठे शिकतो? २०१९ साली केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याने प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार देशात सुमारे ५ कोटी ७० लक्ष लोकांना दारूपायी मदतीची गरज होती. आणि दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या दर ३८ जणांत अवघ्या एकाला कसलाही उपचार मिळाला होता. सदतीस जण बाकावर बसून परत गेले!

हे काम अवघड आहे काय? जागतिक आरोग्य संघटनेने ‘ऑडिट’ नावाची अवघ्या दहा प्रश्नांची चाचणी तयार करून ठेवली आहे. उत्तरांना ० ते ४० गुण मिळतात. ८ किंवा त्याहून अधिक गुण मिळालेला माणूस धोक्याच्या वाटेवर आहे असे समजावे; २० किंवा त्याहून अधिक मिळालेल्याला तज्ज्ञाकडे धाडावे. या दहा प्रश्नांना चार-पाच मिनिटे पुरतात.

आणि विचारून उपयोग काय, असे म्हणणाऱ्यांनी चोर्ला घाट उतरून गोव्यात पाहावे. तेथे ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला; त्याचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अतिरेकी मद्यपान करणारे ३७७ पुरुष निवडले. निम्म्यांच्या बाबतीत चाचणीचा निकाल डॉक्टरांना नुसता कळविला. उरलेल्यांशी, त्याच्या जोडीला, मानसोपचाराची पदवी नसलेल्या परंतु नीट शिकविलेल्या समुपदेशकांनी एक ते चार बैठकांत संभाषण केले. तीन महिन्यांनी पहिल्या गटातील २६ टक्के धोक्याच्या रेषेखाली आले होते, दुसऱ्या गटातील ३६ टक्के. आधीच्या पंधरवड्यात थेंबही न घेतलेले पहिल्यात १८ टक्के होते, दुसऱ्यात ४२ टक्के. जे पीतच राहिले त्यांच्या रोजच्या प्रमाणात फरक पडला नाही, हेही सांगितले पाहिजे. ही जादू नव्हे. परंतु चार बैठकांच्या खर्चात एवढे देणारे दुसरे औषध आहे कोठे?

या संभाषणाचीही एक विद्या आहे. ‘लाज वाटत नाही का?’ असे दटावणे म्हणजे समुपदेशन नव्हे. ते तर त्याला घरी रोजच ऐकावे लागते. त्याला दारूतून काय मिळते, त्याने काय गमावले, काय बदलावे असे त्याला स्वतःला वाटते, हे त्याच्याच तोंडून वदवून घेणे ही खरी कला. आणि डॉक्टरांना आणखी एक ठाऊक असलेच पाहिजे: वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी प्राणही जातो. ‘उद्यापासून बंद करा’ हा अर्धवट सल्ला म्हणूनच घातक ठरतो.

काही सज्जन म्हणतील, दारूबंदी करा म्हणजे झाले. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. बंदीचा वाद चालू राहील. परंतु दुकान बंद असो वा उघडे, ज्याचे शरीर दारूवाचून थरथरते त्याला दवाखान्याचे दार उघडे हवे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ उभे केले ते हे ओळखूनच. परंतु मुक्तांगणापर्यंत पोचतो तो बहुधा सर्वस्व गमावलेला माणूस. त्याला दहा वर्षे आधी गाठण्याची जागा म्हणजे गावचा दवाखाना.

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याला ही चाचणी आणि हे संभाषण शिकवावे. वैद्यकीय महाविद्यालयांनी परीक्षेत त्याला गुण ठेवावेत. रोज शंभर रोगी तपासणाऱ्या डॉक्टरांच्या हाताशी प्रत्येक आरोग्य केंद्रात एक शिकविलेला समुपदेशक द्यावा. भोपाळजवळच्या सिहोर जिल्ह्यात याच ‘संगाथ’ने आशा कार्यकर्त्यांना नैराश्यावरील समुपदेशन शिकविण्याचे काम हाती घेतले, मग दारूच्या बाबतीत आपल्या गावी अडचण कोणती? दारूच्या करावर खजिने भरणाऱ्या सरकारांनी पैसा नाही ही सबब तरी सांगू नये.

आणि वाचकहो, आपणही दवाखान्यात जाल तेव्हा डॉक्टरांनी हा प्रश्न विचारला तर रागावू नका. खरे उत्तर द्या. त्या उत्तरावर एक घर उभे राहणार आहे.