सासूबाई दारातच का थबकतात?

सदाशिव पेठेतल्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. सासूबाईंना अल्झायमर आहे. ‘न्हाणीघराच्या दाराशी येतात नि थबकतात, पाऊल पुढे टाकत नाहीत. दहीभात ताटात तसाच ठेवतात. आरशात कुणी बाई येऊन बसलीय म्हणतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, चष्म्याचा नंबरही बरोबर आहे. परवा मी चिडून ओरडले आणि रात्रभर मला झोप लागली नाही.’

ताई, त्या मुद्दाम करत नाहीत हो. डोळ्यांना दिसतं त्याचा अर्थ मेंदू लावतो आणि या आजारात तेच बिघडतं. अंतर, खोली कळेनाशी होते. सारख्या रंगाच्या वस्तू एकमेकींत मिसळतात. दारातलं काळं पायपुसणं खड्ड्यासारखं दिसतं, चकचकीत फरशी ओली वाटते. खड्ड्यात पाय कोण घालील?

तेव्हा बदल घरात करायचा. पायपुसणं उचलून ठेवा. आधी स्वतः आत पाऊल टाकून दाखवा, मग हात पुढे करा. पांढऱ्या फरशीवरच्या पांढऱ्या कमोडला गडद रंगाची बैठक बसवून घ्या. आरशावर कापड टाका. रात्री खिडकीच्या काचेतही माणूस दिसतं, म्हणून दिवेलागणीलाच पडदे ओढा आणि सावल्या पडणार नाहीत असा भरपूर उजेड ठेवा.

चकाकत्या स्टीलच्या ताटात दहीभात उठून दिसत नाही. बिननक्षीची लाल किंवा निळी ताटली घ्या. बोस्टनच्या संशोधकांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही रुग्णांना पांढऱ्याऐवजी लाल भांड्यांतून जेवण दिलं, तर त्यांचं खाणं सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं!

मागून हाक मारू नका; समोर येऊन नाव सांगा. ‘बाई’ दिसली तर वाद नको. ‘चला, आपण चहा घेऊ’ म्हणून दुसऱ्या खोलीत न्या. मात्र असे भास एकाएकी वाढले, तर डॉक्टरांना दाखवा. लघवीच्या संसर्गानं किंवा एखाद्या औषधानंही तसं होतं.

आणि हे सारं एकटीनं करू नका. पुण्याच्याच सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा २०१३ सालचा चित्रपट घरातल्या सगळ्यांनी मिळून बघा. त्यात मोहन आगाशे झालेत संस्कृतचे पंडित. स्मृती हरवलेले, हत्तीमागे निघून जाणारे. त्यांच्या लेकीची तगमग बघून तुमच्या यजमानांना नि दिरांनाही पुष्कळ कळेल.

त्या रात्रीचं मनाला लावून घेऊ नका. सकाळी उठून आधी ते पायपुसणं काढा.